आधी मेळघाट, मग अंदमान

दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला जाऊन मगरी आणि समुद्रगाय पाहायची, असा मुलांचा हट्ट. आम्ही हिशेब मांडला. अकोल्याहून रेल्वेने चेन्नई, पुढे जहाजाने सुमारे तीन दिवस. जाण्यायेण्यातच रजा आणि बोनस संपणार! मग ठरविले, आपल्या दाराशी मेळघाट आहे, तेच आधी पाहू. १९७४ साली व्याघ्र प्रकल्प झालेले हे जंगल. अकोटकडून शहानूर-नरनाळा, परतवाड्याहून सेमाडोह. वाघ दिसेलच असे नाही. पण गवा, सांबर, अस्वल याच रानातले.

मुलांना बजावले, भडक कपडे नकोत, गलका नको. आणि या वाघांना जागा व्हावी म्हणून बोरी, कोहा, कुंड येथील कोरकू बांधवांनी आपली घरे सोडली, हे विसरू नका. बंधू-भगिनींनो, आपल्या मुलांनाही जंगल दाखवा.