सहावा पुशरॉड

आमचे घर कळंबला, वालचंदनगरच्या अगदी सीमेवर. ज्या वालचंद हिराचंदांनी 1930 च्या दशकात या माळावर साखर कारखाना उभा केला, त्यांनीच 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सही स्थापन केली. त्यामुळे दारात उभी असलेली 1979 ची पद्मिनी अण्णांना गावचीच लेक वाटते. कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर असताना, 1986 साली, त्यांनी ती जुनीच विकत घेतली.

दिवाळीनंतर तिच्या बॉनेटखालून टकटक ऐकू येऊ लागली. मिस्त्रींनी वरचे झाकण काढून फीलर गेजने आठही व्हॉल्व्हचे अंतर जुळवले. आठवडाभर आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला. बारामतीच्या एका गॅरेजवाल्याने नुसते ऐकूनच निर्णय दिला : इंजिन खाली उतरवा.

मला ते नको होते. खर्चाचे कारण मी पुढे करत होतो; खरे कारण वेगळे होते. अण्णा चौऱ्याऐंशीचे आहेत. उतरवलेली इंजिने ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे पडून राहिलेली मी पाहिली आहेत. सुटा भाग मिळत नाही, मिस्त्री गाव सोडतो, मालकाचा उत्साह ओसरतो. अण्णांना या गाडीत पुन्हा बसता आलेच नाही तर? आवाज सहन करून हळूहळू चालवावी, फार तर हेड काढून व्हॉल्व्ह घासून घ्यावेत, असे माझे मत होते. या 1089 सीसीच्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि रॉकर वर हेडमध्ये असतात. तेवढ्यासाठी इंजिन हलवावे लागत नाही. परंतु त्यांना हलवणारा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो आणि पुशरॉड त्याची हालचाल वर पोहोचवतात. दोष वरचा की खालचा, एवढाच प्रश्न होता.

अण्णांनी आमच्या दोघांच्याही मताकडे लक्ष दिले नाही. "डायल गेज आणा," एवढेच म्हणाले.

मिस्त्री क्रँक हाताने फिरवत होते आणि अण्णा प्रत्येक पुशरॉड किती वर येतो ते डोळे बारीक करून वाचत होते. मी वहीत आकडे लिहीत होतो. पाच पुशरॉड जवळजवळ सारखे. सहावा सुमारे दीड मिलिमीटरने कमी. सातवा, आठवा पुन्हा ठीक. सहावा त्यांनी तीनदा मोजायला लावला. मग चेंबरमधले तेल पांढऱ्या फडक्यातून गाळले. फडक्यावर राखाडी, चमकणारी पूड उरली.

रेडिएटर आणि पुढची जाळी काढून कॅमशाफ्ट तेवढा ओढून काढता येईल का, हे मी तरीही विचारले. मिस्त्री "बघू की" म्हणाले. अण्णांनी फडके माझ्यासमोर धरले. "ही पूड कुठंकुठं गेली असेल? बेअरिंगं न बघता नवा कॅम घालायचा, तो काय माझ्या समाधानासाठी?"

माझ्या मनातले त्यांना कळले होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. मला उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी चेन ब्लॉकला लटकलेले इंजिन पाहताना मला धस्स झाले. अण्णा मात्र बॅटरी घेऊन रिकाम्या जागेत डोकावत होते. खाली मेन बेअरिंगवर चरे निघाले. टॅपेटचा तळही खड्डे पडून खरबरीत झाला होता. नव्या कॅमवर जुने टॅपेट घालायचे नाहीत, हे त्यांनी मिस्त्रींना दोनदा बजावले.

कॅमशाफ्ट पुण्याहून यायचा आहे. कधी, ते दुकानदार नक्की सांगत नाही. आठही पुशरॉड पुठ्ठ्याला भोके पाडून क्रमाने खोचून ठेवले आहेत. आकडे अण्णांच्या थरथरत्या हातचे आहेत. रोज सकाळी ते गॅरेजात जातात, तेलाच्या फडक्याने एकेक पुसतात आणि ज्याच्या त्याच्या भोकात परत ठेवतात.