चौथा मोह

यंदाच्या पावसाळ्यात एका महाविद्यालयात ‘मर्डर इन द कॅथीड्रल’च्या मराठी रूपांतराचे अभिवाचन झाले. मुले तयारीची होती, टाळ्याही भरपूर पडल्या. प्रस्तुत लेखिका मूळ संहिता मांडीवर घेऊन तिसऱ्या रांगेत बसली होती. पहिल्या अंकाच्या शेवटाकडे तिची पानेच्या पाने मागे पडू लागली. चौथ्याचा प्रवेश सहा ओळींत उरकला होता. वेळ कमी होता, असे नंतर सांगण्यात आले. दिवाळी अंकासाठी संपादकांचा फोन आला तेव्हा त्या सहा ओळी मनात सलतच होत्या.

नाटक टी. एस. एलियटचे, पद्यातले. कँटरबरीच्या महोत्सवासाठी बिशप जॉर्ज बेल यांनी ते लिहायला सांगितले. जून १९३५ मध्ये पहिला प्रयोग झाला तो कॅथीड्रलच्याच चॅप्टर हाउसमध्ये, आर्चबिशप टॉमस बेकेटचा खून झाला त्या जागेपासून हाकेच्या अंतरावर.

बेकेट हा राजा दुसरा हेन्री याचा जिवलग आणि त्याचा चान्सलर. ११६२ मध्ये राजाने त्याला आर्चबिशप केले आणि तिथून दोघांचे फाटले. गुन्हा केलेल्या धर्मगुरूचा न्याय राजाने करायचा की चर्चने, हा वादाचा एक मोठा मुद्दा. ११६४ मध्ये बेकेट फ्रान्सला निघून गेला, ११७० च्या डिसेंबरात परतला आणि २९ तारखेला चार सरदार तलवारी घेऊन कॅथीड्रलमध्ये शिरले. सोबतच्यांनी दार लावून घेतले होते. देवाचे घर म्हणजे किल्ला नव्हे, म्हणून बेकेटने ते उघडायला लावले. शेवटच्या घावांपैकी एक इतका जोराचा होता की तलवारीचे टोक फरशीवर तुटले. एडवर्ड ग्रिम नावाचा धर्मसेवक त्याला वाचवायला मध्ये पडला, त्याच्या दंडावर वार बसला. पुढे त्यानेच हे सगळे लिहून ठेवले.

एवढेच सांगायचे तर ती शूराची कथा होते, आणि आपल्याकडे हे नाटक तशीच कथा म्हणून शिकवले जाते. एलियटने मात्र तलवारींच्या आधी मोह आणले. पहिला जुन्या मौजेच्या दिवसांची आठवण देतो. दुसरा चान्सलरपद पुन्हा पुढे करतो. तिसरा राजाविरुद्ध सरदारांशी हातमिळवणी सुचवतो. या तिघांची टॉमसला अपेक्षाच होती. चौथ्याची नव्हती. चौथा म्हणतो ते थोडक्यात असे: मर, खुशाल मर. तुझ्या थडग्यापुढे यात्रेकरूंच्या रांगा लागतील, राजा विसरला जाईल आणि तू कबरीतून राज्य करशील. म्हणजे ज्या मरणाकडे टॉमस धर्म म्हणून निघाला आहे, तेच मरण हा मोह म्हणून समोर ठेवतो. कृती तीच, आत फक्त स्वतःच्या मोठेपणाची भूक.

आता थोडे बारकाव्यात शिरायला हवे, त्याला इलाज नाही. टॉमस रंगमंचावर येतो तेव्हा कँटरबरीच्या गरीब बायकांना एक पुरोहित रागे भरत असतो. त्याला थांबवून टॉमस त्या बायकांविषयी बोलतो: करणे आणि सोसणे म्हणजे काय ते त्यांना कळते, आणि कळतही नाही. पुढे चौथा हेच भाषण जवळजवळ शब्दशः टॉमसला ऐकवतो. बदलते ते सर्वनाम. ‘त्या’च्या जागी ‘तू’ येतो. ज्या शहाणपणाने टॉमस इतरांकडे वरून पाहत होता, ते उलटून त्याच्याच अंगावर येते. इंग्रजी ‘यू’मध्ये तू आणि आपण दोन्ही मावतात, मराठीत निवड करावीच लागते. त्या दिवशी उरलेल्या सहा ओळींतही ‘आपण’ होते, आर्चबिशपचा मान राखायला. पण हा चौथा बाहेरचा कोणी नाही, टॉमसचीच इच्छा त्याच्याशी बोलते आहे. मनाला कोणी अहो-जाहो करत नाही. समर्थांनीही केले नाही.

व्याख्यानानंतर हमखास कोणीतरी म्हणते, “मॅडम, हा तर गीतेतला निष्काम कर्मयोग.” एलियट हार्वर्डमध्ये संस्कृत शिकला होता, तेव्हा ही आठवण गैर नाही. पण नाताळच्या प्रवचनात टॉमस सांगतो ते ख्रिस्ती परंपरेतले आहे: ज्याची इच्छा देवाच्या इच्छेत विरली आणि ज्याला हौतात्म्याच्या कीर्तीचीही ओढ उरली नाही, तो खरा मार्टर. मार्टर या शब्दाचे ग्रीक मूळ ‘साक्षीदार’ असे आहे. ‘हुतात्मा’ म्हटले की आहुती दिसते, साक्ष दिसत नाही.

आणि हे नियतीचे नाटकही नव्हे. चाकाची प्रतिमा त्यात पुन्हा पुन्हा येते, म्हणून तो समज रुजला. चाक फिरते, आस स्थिर असतो. टॉमस त्या आसाकडे जायला धडपडतो. जे ठरलेले आहे त्याला माणसाने होकार द्यायचा असतो, आणि तो होकार त्याचा स्वतःचा असावा लागतो. बायकांचा कोरस घाबरत, नको नको म्हणत त्याच होकाराकडे सरकतो.

खून झाल्यावर सरदार पद्य सोडून सरळ प्रेक्षकांशी गद्यात बोलतात. शेवटचा म्हणतो, हा खून नव्हेच, भ्रमिष्टाची आत्महत्या आहे. प्रेक्षक हसतात. पण टॉमसने चौथा मोह जिंकला नसेल, तर सरदाराचा आरोप फार खोटा ठरत नाही. तो जिंकल्याचा क्षण एलियटने दाखवलेला नाही. कोरस बोलून संपतो आणि टॉमसला वाट स्वच्छ दिसू लागलेली असते. वर्गात तीस वर्षे हे नाटक शिकवूनही, तो उघडायला लावतो त्या दाराशी लेखिकेचे मन दरवेळी अडते. हा होकार आहे की अजून ती जुनी भूक? चौथ्याला कापले की हा प्रश्नच उरत नाही आणि सरदार नुसता विनोदी होतो.

१९५१ मध्ये या नाटकावर चित्रपट निघाला. त्यात चौथा दिसत नाही, फक्त ऐकू येतो. तो आवाज स्वतः एलियटचा आहे.

हे नाटक पुन्हा कोणी बसवणार असेल, तर एवढी विनंती: वेळ कमी पडला तर पहिल्या दोघांना आवरते घ्या. चौथ्याचे भाषण पूर्ण वाचा, आणि ‘तू’ म्हणूनच वाचा.