न खपलेली बंदूक

अक्कलकुव्याचा आठवडे बाजार आम्ही आज कित्येक वर्षे पाहत आलो आहो. दिवस कलू लागला आणि मोलगीकडे जाणाऱ्या गाड्या भरू लागल्या, की सकाळी ऐटीत बसलेल्या वांग्यांचा भाव निम्म्यावर येतो. कारण माल परत वाहून नेण्यापेक्षा मिळेल त्या किमतीस देणे विकणाराला परवडते. न खपलेल्या मालाचा भाव उतरतो, हा अर्थशास्त्राचा धडा आम्ही विद्यार्थ्यांस याच बाजाराच्या आधारे शिकवीत आलो. तो सर्वत्र खरा नाही, हे आम्हांस आमच्या काकांच्या बंदुकीने शिकविले.

काका निपुत्रिक वारले. पिकात शिरणाऱ्या रानडुकरांच्या धाकाकरिता बाळगलेली त्यांची बारा बोअरची दुनळी, बर्मिंगहॅमची बनावट, मागे राहिली. परवाना मात्र त्यांच्याबरोबरच संपला. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे असे हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते, आणि ठरलेल्या मुदतीत त्याची विल्हेवाट न लागल्यास ते सरकारजमा होते. बंदूक बाळगण्याची हौस आम्हांस कधीच नव्हती. रीतसर कागद करून ती एका मोठ्या शहरातील दुकानदाराच्या स्वाधीन केली. त्याने ४,५०० रुपये देऊ केले. त्याच भिंतीवर तिची जुळी बहीण शोभेल अशी एक दुनळी टांगलेली होती, आणि तिच्या चिठ्ठीवर आकडा होता ३५,००० चा! आम्ही कारण विचारले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “साहेब, मुदत तुमची चालू आहे, माझी नाही.”

इतके नेमके उत्तर आमच्या वर्गात अद्याप कोणी दिलेले नाही.

विचार करता असे दिसले की, गिऱ्हाइकाची स्थितीही वारसाहून फारशी निराळी नाही. परवान्यासाठी त्याने खेटे घालावे. तो हाती आला की ठराविक मुदतीत हत्यार घ्यावे. दुसऱ्या परवानाधारकाकडून परस्पर घ्यावे म्हटले, तर विकणाराने अधिकाऱ्यास लेखी कळवून ४५ दिवस थांबले पाहिजे. विकणारा घाईत, घेणारा घाईत. मधला दुकानदार तेवढा निवांत. वास्तविक १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधने आली, तेव्हापासून लांब बंदुकीचे गिऱ्हाईक आटले. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसास तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येऊ लागली, व तिसरे वर्षाच्या आत जमा करणे भाग पडले. भिंती भरल्या, भाव कोसळावयास हवे होते. परंतु गेल्या शतकाच्या नवव्या दशकात सामान्य नागरिकांसाठी परदेशी हत्यारांची आयात जवळजवळ बंद झाली, आणि तेव्हापासून विलायती शिक्क्याला पोलादाहून अधिक मोल आले. अमेरिकेत २०१६ च्या निवडणुकीनंतर नव्या निर्बंधांची भीती सरली, तशी मागणी ओसरली. दुकानांत माल पडून राहिला, सवलती जाहीर झाल्या, आणि २०१८ साली रेमिंग्टनसारख्या जुन्या कंपनीस दिवाळखोरीत जावे लागले. तो आमच्या वांग्यांचाच बाजार. येथील दुकानदार मात्र फुकटासारखा घेतलेला माल धूळ खात ठेवतो, आणि दुसऱ्यांची हत्यारे सांभाळण्याचे शुल्कही घेतो. त्याने भाव का उतरवावा?

दीड वर्षाने एका विद्यार्थ्याच्या वडिलांस पीकरक्षणाचा परवाना मिळाला. सातपुड्याच्या उतारावर त्यांचे शेत आहे. सोबत म्हणून आम्ही गेलो, ते त्याच दुकानात. काकांची दुनळी भिंतीवर होती. दस्त्यावरचा काकांच्या अंगठीचा ओरखडा आम्ही दुरूनच ओळखला. चिठ्ठी ३५,००० ची. आम्हांस ती कितीस विकली हे ठाऊक होते, आणि दुकानदारास आम्ही ठाऊक होतो. तथापि दोघेही गप्प राहिलो. आमच्या त्या गप्प बसण्याची आम्हांस अजून लाज वाटते. वडिलांनी बंदूक हाती घेतली, नळ्यांतून उजेडाकडे पाहिले, आणि विचारले, “किती दिवस टांगली आहे?” दुकानदाराने ऐकले न ऐकलेसे केले. त्यांनी ती हळूच परत ठेवली आणि मुंगेरची एक साधी एकनळी घेतली.

गेल्या पावसाळ्यात त्या रस्त्याने पुन्हा जाणे झाले. दुनळी जागच्या जागी होती. चिठ्ठी मात्र नवी होती, आणि तिच्यावर ४०,००० लिहिले होते.