शेवटची फेरी किती वाजता?

आमच्या बाबांची एक सवय आहे. कुठंही पोचलं की त्यांचा पहिला प्रश्न, "परतीची शेवटची गाडी किती वाजता?" लग्नाला गेलो तरी अक्षता पडायच्या आत त्यांनी स्टँडवर जाऊन चौकशी केलेली असते. लहानपणी मला याची भयंकर लाज वाटायची.

पण दोष त्यांचा नाही, नोकरीचा आहे. बाबा कोयना प्रकल्पात, पोफळीच्या वीजघरात होते. आमच्या शाळेसाठी आई आणि आम्ही भावंडं साताऱ्यात, बाबा घाटाखाली अलोऱ्याच्या वसाहतीत. शनिवारी रात्री एसटीनं यायचे, रविवारी संध्याकाळी परत. आठवड्याचे बाकीचे दिवस ते म्हणजे एक फोन कॉल. थोडक्यात, 'वीकएंड' हा प्रकार आयटीवाल्यांच्या कितीतरी आधी आमच्या घरात आला होता :-)

असो. मागच्या वर्षी मी सहा महिने ऑनसाईट कोपनहेगनला होतो. एका शनिवारी ट्रेननं हेल्सिंगोरला गेलो. हॅम्लेटचा क्रोनबोर्ग किल्ला तिथलाच. समोर चार किलोमीटरवर स्वीडन. फेरीनं वीस मिनिटांत पलीकडच्या हेल्सिंगबोर्गला जायचं, कॉफी प्यायची, परत यायचं. परतताना किल्ला पाण्यातून वर येताना दिसतो. या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांकडून डेन्मार्कच्या राजांनी १४२९ पासून १८५७ पर्यंत जकात घेतली. चारशेहून जास्त वर्षं! आपले टोलनाके उगाच बदनाम आहेत.

हे सगळं मी व्हिडिओ कॉलवर उत्साहानं सांगत होतो. बाबांनी हॅम्लेटला सरळ वगळलं. तिथल्या काही फेऱ्या बॅटरीवर चालतात आणि धक्क्याला लागल्या की रोबोटचा हात येऊन त्यांना चार्जिंगला लावतो, यावर मात्र अर्धा तास प्रश्न. माझं एका उत्तरानं समाधान होईना तसं त्यांचंही होईना. शेवटी म्हणाले, "आमचं पाणी समुद्राला मिळतं तिथंही फेरी आहे म्हणे. दाभोळला. पस्तीस वर्षं पाणी सोडलं, पण ते कुठं जातं ते बघायला काही गेलो नाही."

मग डिसेंबरात सुट्टीवर आल्यावर ठरवलंच. आई म्हणाली, "तुम्ही दोघंच जा."

आता 'आमचं पाणी' म्हणजे काय ते सांगायला हवं. कोयना महाबळेश्वरला उगवते, दक्षिणेला वाहत येते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला समोरासमोर भेटते. तिथून पुढं सांगली. सांगली माझं आजोळ. पण धरणात अडवलेल्या पाण्याचा मोठा वाटा बोगद्यांतून सह्याद्री पार करून घाटाखाली टाकला जातो. त्यावर १९६२ पासून वीज तयार होते, आणि वापरून झालेलं पाणी वाशिष्ठीत जातं. वर्षाला ६७.५ टीएमसी, हा लवादानं ठरवून दिलेला आकडा बाबा पाढ्यासारखा म्हणतात. म्हणजे एकाच नदीचं थोडं पाणी मामाच्या दारावरून बंगालच्या उपसागराला जातं आणि थोडं बाबांच्या हाताखालून अरबी समुद्राला.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा गावभागातलं मामाचं घर पाण्यात होतं. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं, तेव्हा बाबांच्या दोन मित्रांची. बाबा दोन्ही ठिकाणी चिखल काढायला गेले. दोन्ही वेळा काहीही बोलले नाहीत.

कुंभार्ली घाट, पोफळी, चिपळूण, गुहागर करत आम्ही धोपाव्याला पोचलो. पोफळीला गाडी थांबवू का विचारलं तर म्हणाले, "नको. ते बघितलंय."

फेरीबोट २००३ पासून सुरू आहे. कार, बाईक, मासळीच्या टोपल्या, सगळे एकत्र चढतात. ही नसती तर समोर दिसणाऱ्या दाभोळला जायला खाडीला मोठा वळसा पडला असता. बाबा कठड्याला टेकून पाणी बघत होते. मी इतिहास सुरू केला (आदल्या रात्री वाचून आलो होतो!). हे बहमनी आणि आदिलशाही काळातलं मोठं बंदर. इथं अरबी घोडे उतरायचे. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात परतीच्या प्रवासाला इथूनच जहाजात बसला. आणि डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदानं हे शहर जाळलं. त्याच वर्षी चौलच्या लढाईत त्याचा मुलगा मारला गेला होता, त्याचा सूड म्हणून.

"इथल्यांनी मारलं होतं का त्याला?" बाबांनी विचारलं.

"नाही. इजिप्त आणि गुजरातच्या आरमारानं."

"मग?"

मला उत्तर सुचलं नाही. तेवढ्यात किनारा जवळ आला. पाण्याजवळच दगडी मशिदीचा घुमट दिसत होता, आदिलशाही काळातली मशीद. आजूबाजूला नारळ, कौलारू घरं, होड्या. हेल्सिंगोरला बंदराची दुकानं झालीत. इथं जाळी वाळत होती.

आता सांगतो, मी ही ट्रिप का काढली होती ते. मॅनेजरनं कोपनहेगनची कायमची पोस्ट देऊ केली होती. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. सातारा ते धोपावे मी ते वाक्य मनात जुळवत होतो. बोट धक्क्याला लागायला आली तेव्हा एकदाचं बोलून टाकलं. "बाबा, मला तिकडे कायमचं बोलावलंय. जावं असं वाटतंय."

बाबांनी ऐकलं. उतरले. धक्क्यावर वाकून पाण्यात हात घातला, बोटं जिभेला लावली आणि म्हणाले, "खारट." मग रुमालाला हात पुसत तिकीट देणाऱ्या पोराकडे गेले.

"शेवटची फेरी किती वाजता?"

मला वाटलं, विषय टाळला. मशीद बघितली, मासे खाल्ले, चंडिकेच्या गुहेतल्या देवळात जाऊन आलो. बाबा नेहमीसारखेच. शेवटच्या फेरीच्या तासभर आधीच आम्ही धक्क्यावर हजर होतो, हे सांगायला नकोच.

बोटीची वाट बघताना मग तेच बोलले. "मी कुठंही गेलो की परतीची वेळ आधी विचारायचो. ती कळली की मग निवांत बसता यायचं. तुम्हा पोरांना वाटायचं, बाबांना जायची घाई आहे."

मला तसंच वाटायचं.

"तू जा," ते म्हणाले. "फक्त वेळ विचारून ठेव."

सोमवारी मी हो कळवलं. मेलच्या शेवटी एक प्रश्न टाकला, वर्षाला सुट्ट्या किती आणि सलग किती दिवस घेता येतात. मॅनेजरला वाटलं असेल, जॉइन व्हायच्या आधीच याला घरी जायची घाई झालीय.