तापलेले टायर आणि भाऊबीज

आमच्या लहानपणी चिंचवडला जायचे म्हणजे मोरया गोसावींच्या दर्शनाला जायचे. पवनेच्या पाण्यात पाय बुडवायचे, घाटावर बसून डबा सोडायचा आणि संध्याकाळच्या लोकलने पुण्यास परतायचे. आता त्याच चिंचवडात माझी धाकटी बहीण राहते. घाट आहे, मोरया आहे. पण भोवताली जे गाव आहे ते चाकांचे गाव आहे. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना आला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले, १९६६ साली टेल्को आली, आणि हां हां म्हणता बाजरीच्या रानांत मालमोटारी पिकू लागल्या!

गेल्या पाडव्याला बहिणीकडे पोचलो, तो दारात अर्धीच रांगोळी. उरलेल्या अर्ध्या भागावरून एक काळाकुट्ट पट्टा गेलेला, आणि अंगणात जळक्या रबराचा वास कोंदलेला.

“बघ दादा, तुझ्या भाच्याचे प्रताप!” बहिणीने उंबऱ्यातच फिर्याद गुदरली.

भाचा डिप्लोमा झालेला, चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला. पुढचा ब्रेक आवळून धरायचा, मागचे चाक जागच्या जागी गरगर फिरवायचे आणि धूर काढायचा, हा त्याचा नवा उद्योग. याला ‘बर्नआउट’ म्हणतात. ड्रॅग शर्यतीत म्हणे टायर असे तापवून घ्यावे लागतात. ही शर्यत नाकासमोर सरळ, पाव मैलाची. म्हणजे सुमारे ४०२ मीटर. वळण नाही, चढ नाही. दोन गाड्या उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो, आणि तुम्ही सुपारी कातरेपर्यंत निकाल लागलेला असतो.

“मामा, मी काही टवाळी करीत नाही,” तो खाली मान घालून म्हणाला. मग खरी गोष्ट कळली. गेल्या पौषात त्याचा एक मित्र पहाटेच्या पाळीला निघाला, आणि घरापासून दुसऱ्याच वळणावर गाडी घसरून पडला. वेग फारसा नव्हता. तरी मांडीचे हाड मोडले. “टायर थंड होते म्हणून पडला,” असे कोणीसे म्हणाले, आणि तेव्हापासून आमच्या भाच्याने टायर तापवण्याचा ध्यास घेतला. रोज निघताना दारातच चाक जाळायचे! आई म्हणते, हा त्याच वाटेने जाणार. मुलगा म्हणतो, तसे होऊ नये म्हणूनच करतो. आणि न्यायाधीश कोण, तर ज्याने आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवले नाही असा मी!

“उद्या सकाळी चाकणला चला,” भाचा म्हणाला. “तिथे एक टायरवाले काका आहेत. ते म्हणतील ते मला मान्य.”

भाऊबीजेच्या सकाळी शिरस्त्राण चढवून मी त्याच्या मागे बसलो. टेल्को रोडने भोसरी गाठली. येथेच रस्ते वाहतुकीचे संशोधन करणारी केंद्रीय संस्था १९६७ पासून उभी आहे. पुढे मोशी, आणि मोशी ओलांडून इंद्रायणी आली. नदीवर धुके बसले होते. पुलावर जो गारवा अंगात शिरला, त्याने माझे गुडघे बोलू लागले. मनात आले, आपले हे हाल, तर खालच्या रबराचे काय होत असेल?

चाकण हे पूर्वीपासूनच चिवट गाव. १६६० साली शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्याने येथला लहानसा भुईकोट जवळजवळ दोन महिने झुंजवला. पुढे हे गाव कांद्याबटाट्याच्या बाजारासाठी नावारूपाला आले. आता येथे मोटारी होतात, मोटारसायकली होतात, आणि २०१३ पासून ब्रिजस्टोनच्या कारखान्यात टायरही होतात. बाजारात कांद्याच्या गोणी आणि हमरस्त्यावर नव्या कोऱ्या मोटारींनी लादलेले लांबलचक ट्रेलर, असा हा संसार आहे.

टायरवाले काका दुकानात उदबत्ती लावत होते. भाच्याने आपली बाजू मांडली. काकांनी सारे ऐकून घेतले आणि मलाच विचारले, “घरी लाडू झाले का?”

“झाले.”

“पाक कसा साधतात? कच्चा राहिला तर लाडू वळत नाही; फार पुढे गेला तर दगड होतो. रबराचेही तसेच. थंड रबर ताठ असते. रस्त्याच्या बारीक खडबडीत ते शिरत नाही, म्हणून धरत नाही. बेताचे तापले की मऊ होते आणि खडी धरून ठेवते. फार तापले की वरचा थर चिकट, तेलकट होऊन सुटू लागतो. मग चाक धरण्याऐवजी घसरते.”

मग भेद सांगितला. शर्यतीचे खास टायर मऊ रबराचे. ते चांगले तापवल्याशिवाय कामच देत नाहीत. रस्त्याचे टायर हजारो किलोमीटर चालावेत म्हणून बनवलेले. त्यांना पट्टीवर क्षणभर फिरवले, वरची धूळ आणि जुनाट थर निघाला, की पुरे. त्याहून जास्त जाळले तर पकड वाढायची ती उलट घटते. शर्यतीच्या जागी टायर भिजवायला पाणी ओततात, तेही साध्या टायरवाल्याने टाळून बाजूने जावे. खाचांत पाणी भरते आणि नेमके सुटण्याच्या जागी गळते.

“आणि आता मुख्य गोष्ट,” काका भाच्याकडे वळले. “तुझा मित्र कोणत्या चाकावर घसरला?”

“पुढच्या.”

“आणि तू तापवतोस कोणते?”

भाचा गप्प झाला. मागचे चाक जाळून सरळ सुटण्याची सोय होते. वळण सांभाळते पुढचे चाक, आणि ते तर थंडच राहते! शिवाय जागेवर जाळल्याने वरची कातडी तापते, आतला सांगाडा नाही. टायर खरा तापतो तो चालून, दबून, वाकून. म्हणून पहिले काही किलोमीटर सबुरीने जावे, हाच रस्त्यावरचा उपाय. हवा तपासायची ती मात्र गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना. तापल्यावर दाब वाढतो आणि काटा फसवतो.

मग काकांनी भाच्याच्या मागच्या टायरवर नख दाबले. नख रुतले नाही. “वय झाले याचे. वर जाळून जाळून अर्धा तूच संपवलास. पुढचाही कडक झाला आहे. दोन्ही बदल.”

परतताना भाच्याने गाडी सावकाश काढली. मोशीला चहा घेताना मी विचारले, “आणि शर्यत?”

“ती व्हायचीच, मामा. पण रस्त्यावर नाही.” लोणावळ्यापलीकडे ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ नावाने अशा शर्यती भरल्या आहेत, तो एकदा पाहून आला होता. तेथे गाडी तपासतात, शिरस्त्राण तपासतात, आणि आडवे यायला म्हैसही नसते. अमेरिकेतही हेच झाले. पोरे रस्त्यांवर धावत. १९५० साली कॅलिफोर्नियात सांता आना येथील विमानतळाच्या पट्टीवर रीतसर शर्यती सुरू झाल्या आणि या खेळाला घर मिळाले.

दुपारी बहिणीने ओवाळले. मी तबकात पाकीट ठेवले. तिने ते उघडूनही न पाहता मुलाच्या हातात दिले.

“टायर आण. दोन्ही. आणि त्या काकांना विचार, नव्या टायरला काही पथ्य असते का.”

“असते,” तो म्हणाला. “पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून चालवायची. वरचा गुळगुळीतपणा जाईपर्यंत.”

“मग तेवढे दिवस मी मागे बसून येईन,” बहीण म्हणाली, आणि तबक उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हा दारात पुरी रांगोळी होती. भाचा गाडी ढकलत तिच्या कडेने बाहेर काढत होता.