आमचे मुके अशील

वकिलाच्या घरी येणारा अशील बहुधा गरजेपेक्षा अधिक बोलतो. आमच्या दिवाणखान्यात मात्र एक अशील असा आहे, की ज्याच्या तोंडून आजवर अवाक्षर निघालेले नाही. फोंड्याच्या आमच्या घरी २०० लिटर खाऱ्या पाण्याची एक काचपेटी आहे. तीत चार मासे, काही गोगलगायी, आणि मध्यभागी खडकावर अळंबीच्या आकाराचे एक प्रवाळ. छंदी मंडळी त्याला ‘लेदर कोरल’ म्हणतात, शास्त्रज्ञ ‘सार्कोफायटन’. प्रवाळ म्हटले की आमच्या वाचकांपुढे मंगळाच्या अंगठीतले तांबडे पोवळे उभे राहील. ते याचेच नातलग. दोघांच्याही अंगावरील इवल्या जिवांना पिसासारख्या आठ-आठ भुजा असतात. पण रत्नाचा कणखरपणा याच्यापाशी नाही. याचे अंग कमावलेल्या चामड्यासारखे. खडक रचणारी कठीण प्रवाळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात आणि ती घरी बाळगण्याची सोय नाही, वकिलाला तर नाहीच. आमचे प्रवाळ मऊ जातीचे, तेही समुद्रातून उपटलेले नव्हे, एका स्नेह्याच्या पेटीत वाढलेल्याचा कापून दिलेला तुकडा आहे, एवढा खुलासा येथे करून ठेवणे इष्ट.

हे अशील आजारी आहे की नाही हे ओळखणे महाकठीण. सुखात असले म्हणजे त्याच्या छत्रीवर शेकडो भुजा कोवळ्या गवतासारख्या डोलतात. पण अधूनमधून ते सगळ्या भुजा आत ओढून घेते, अंग मेणचट दिसू लागते, आणि आठ-दहा दिवस स्वारी मेल्यासारखी बसते. मग सापाने कात टाकावी तसा एक पातळ पापुद्रा, साचलेल्या शेवाळामळासकट, सुटून प्रवाहाबरोबर वाहून जातो व खालून ताजे अंग निघते. हा प्रकार आम्ही प्रथम पाहिला तेव्हा घाबरून दिवे मंद केले, पाणी बदलले, प्रवाळाची जागा दोनदा हलविली. आमच्या उपचारांनी ते इतके त्रासले, की दहा दिवसांचे काम महिन्यावर गेले. तेव्हापासून घरात नियम झाला, की प्रवाळ मिटले तर पंपाचा प्रवाह जरा त्याच्याकडे वळवावा आणि स्वस्थ बसावे.

२०२४ च्या श्रावणात हा नियम अपुरा पडला. तीन आठवडे लोटले तरी पापुद्रा सुटेना. छत्रीची कड आत वळली, देठ कलला, आणि एका बाजूस रुपयाएवढा काळपट डाग उमटला. बोट लावून पाहिले, तो तेथले अंग मऊ पडलेले. मिटलेले प्रवाळ निरोगी असेल तर घट्ट असते. काळेपणा आणि मऊपणा ही कात टाकण्याची लक्षणे नव्हेत.

आम्ही रीतसर तपास आरंभिला. पाण्याचा खारेपणा हजारी ३५, तापमान २६ अंश, क्षारता ठीक, नायट्रेट माफक. दिवे तेच, पंप साफ. डंख मारील असा शेजारी जवळ नाही. कोणी मासा टोचतो की काय हे पाहण्यासाठी आम्ही एक रात्र पेटीपुढे खुर्ची टाकून जागून काढली. निष्पन्न एवढेच झाले, की सकाळी कोर्टात डुलकी लागली. चौथ्या दिवशी मात्र पुरावा हाती आला. पाच गोगलगायींपैकी दोन तळाशी उताण्या पडल्या होत्या, आणि मासे पूर्वीसारखेच टुणटुणीत होते. माशांना सोडून कणाहीन जिवांवर घाला घालणारे विष म्हटले, की पहिला संशय तांब्यावर जातो.

आता पेटीत तांबे येणार कोठून? माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर जे औषध देतात त्यात तांबे असते. महिन्यापूर्वी एका माशाच्या अंगावर ठिपके आले होते, आणि आमच्या पंधरा वर्षांच्या चिरंजीवांनी दुकानातून ती बाटली आणली होती. पेटीत रोज पाणी घालण्याचे कामही त्यांच्याकडेच. साधन होते, संधी होती, हेतूही होता. रात्री जेवताना आम्ही आरोप ठेवला.

“हांवें ती उगडूंकच ना, पप्पा,” तो म्हणाला.

प्रत्येक आरोपी असेच म्हणतो, असे आम्ही उत्तरलो. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली: एरवी रोज दोनेक लिटर पाणी वाफ होऊन जाते, हल्ली पेटीतले पाणी कमीच होत नाही. पावसाळी हवा, दुसरे काय, म्हणून आम्ही तेही उडवून लावले. ताट अर्धे टाकून तो उठला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने पेटीकडे पाहणे सोडले.

म्हणून सोमवारी पहाटे पाणी पाहण्यासाठी आम्हालाच उठावे लागले. दिवाणखान्यात मातोश्री होत्या. हातात तांब्याचा तांब्या, आणि त्यातले पाणी त्या सावकाश पेटीत ओतीत होत्या. तो तांब्या आमच्या वडिलांचा. चाळीस वर्षे मातोश्री तो रात्री गाळलेल्या पाण्याने भरून त्यांच्या उशाशी ठेवीत आणि सकाळी संध्येपूर्वी ते त्यातले पाणी पीत. २०२३ साली ते गेले. तांब्या भरण्याचा परिपाठ मात्र सुटला नाही. सकाळी अर्धे पाणी तुळशीला जाई. उरलेले कोणाला जात होते ते आम्हाला आता दिसले.

“कितले दीस, आई?” आम्ही विचारले.

“ते गेले त्या वर्सासावन. खाऱ्या उदकांत आसा तें. ताका तान लागतली न्हय?”

आमच्या घरचे गाळलेले पाणी जवळजवळ क्षारविरहित, आणि असे पाणी रात्रभर धातूत राहिले की धातूचा अंश उचलते. माणसाला त्याचे काही नाही. पण पेटीतले पाणी वाफ होऊन जाते, तांबे जात नाही. रोजचा अंश मागल्या अंशात मिळत राहतो, चुनखडी खडकातही मुरतो. पुढे चाचणी केली तेव्हा रंग फिकाच उमटला, तरी तांबे शोषणारी गाळणी आठवड्यात निळसर झाली.

त्या सकाळी प्रथम आम्ही कपाट उघडले. औषधाच्या बाटलीचे सील शाबूत होते. मुद्देमाल न पाहता आम्ही निकाल दिला होता! बाटली घेऊन मुलाच्या खोलीत गेलो आणि त्याच्या टेबलावर ठेवली. “आतां पळयली?” एवढेच तो म्हणाला. आम्ही माफी मागितली. त्याने मान हलविली, पण पुस्तकातून डोळे वर केले नाहीत.

मातोश्रींना न सांगण्याचा मोह आम्हाला दिवसभर झाला. तांब्या गुपचूप बदलता आला असता. पण तो तांब्या बदलायचा म्हणजे त्यांच्या हातून काय काढून घ्यायचे, हे ठाऊक असल्याने संध्याकाळी सगळे सांगितले. त्या बराच वेळ पेटीकडे पाहत राहिल्या.

“म्हणजे हांवेंच ताका वीख दिलें?”

आम्हाला शब्द सुचेना. दारात चिरंजीव केव्हा येऊन उभे राहिले होते कोण जाणे. “ना गो आजी, तें अजून जितें आसा,” तो म्हणाला, आणि हातमोजे व धारदार पाते आणायला गेला.

काळा भाग त्यानेच कापला, सभोवारच्या निरोगी अंगाची बोटभर पट्टी घेऊन. वास इतका उग्र, की सर्व खिडक्या उघडाव्या लागल्या. दिवसाआड २० लिटर पाणी बदलू लागलो. नवे पाणी प्लॅस्टिकच्या बादलीत. तांब्या आता भरून तुळशीपाशी असतो, सगळाच्या सगळा.

आश्विनात एके पहाटे मातोश्रींनी आम्हाला हलवून उठवले. छत्रीच्या कडेला भुजा फुटत होत्या, आणि हे त्या गेले काही दिवस एकट्याच पाहत होत्या. “काल सात आशिल्लीं, आज इकरा,” त्या म्हणाल्या. आम्ही चष्मा लावून मोजल्या. दहाच भरल्या. उलटतपासणी घेतली नाही.