हा कोणता पक्षी?

मी फलटणला उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. माझी मातृभाषा उर्दू. मराठी मी शाळेत शिकलो आणि पुढे बी. एड. करताना अध्यापनासाठी तोच विषय निवडला. त्यामुळे आपल्याला मराठी चांगली येते, असा माझा समज होता. हा समज एका पक्ष्याने दूर केला.

त्याचे असे झाले. नववीतील एका विद्यार्थिनीने वक्तृत्व स्पर्धेसाठी 'आमचा परिसर' या विषयावर भाषण तयार केले होते. तिचे घर कालव्याच्या पलीकडे, माळाच्या कडेला आहे. तिथे रोज ओरडणाऱ्या एका पक्ष्याचे तिने सुंदर वर्णन केले होते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिने मला विचारले, "सर, टटीरीला मराठीत काय म्हणतात?"

मला ते सांगता येईना. पण आपल्याला माहीत नाही, असे विद्यार्थिनीपुढे कसे म्हणायचे? मी घाईने म्हणालो, "नुसते 'पक्षी' म्हण. चालेल."

दुसऱ्या दिवशी तिचे भाषण छान झाले. शेवटी परीक्षकांनी कौतुकाने विचारले, "बाळ, तो पक्षी कोणता?" ती गोंधळली. क्षणभर थांबून म्हणाली, "टटीरी." सभागृहात हशा पिकला. ती खाली मान घालून जागेवर येऊन बसली. त्या दिवसापासून ती मराठीच्या तासाला गप्प राहू लागली. प्रश्न विचारला, तर एका शब्दात उत्तर देई. हसणारी मुले अजाण होती. चूक माझी होती. पण ती कबूल करण्याचे धैर्य मला होत नव्हते.

पुढे नोव्हेंबर महिना आला. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा 'पक्षी सप्ताह' म्हणून साजरा होतो. त्यानिमित्त वर्गात सांगण्यासाठी मी डॉ. सलीम अली यांच्या बालपणीचा एक प्रसंग वाचत होतो. सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. लहानपणीच आईवडील वारल्यामुळे मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. एकदा छोट्या सलीमने छर्‍यांच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग! अशी चिमणी त्याने कधी पाहिली नव्हती. त्याने मामांना विचारले, "ही कोणती चिमणी?" मामांनाही ते ठाऊक नव्हते. पण त्यांनी 'नुसते चिमणी म्हण' असे सांगितले नाही. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथील सचिव मिलार्ड यांनी त्या पक्ष्याचे नाव तर सांगितलेच, शिवाय पेंढा भरून ठेवलेले असंख्य पक्षीही दाखवले. त्या एका प्रश्नातून सलीम अली जगप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ झाले. १९४१ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक आजही पक्षिनिरीक्षक जवळ बाळगतात.

हा प्रसंग वाचताना मला त्या मुलीचा चेहरा दिसू लागला. तिनेही तोच प्रश्न विचारला होता. दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितले, "मुलांनो, टटीरीला मराठीत काय म्हणतात, हे मला माहीत नव्हते. मी ते लपवले. आता आपण सर्व मिळून शोधू या." वर्ग शांत झाला. त्या मुलीने मान वर करून पाहिले.

रविवारी सकाळी आम्ही नीरा उजव्या कालव्यावर गेलो. कालव्याच्या एका बाजूला उसाचे मळे आणि दुसऱ्या बाजूला माळ. प्रत्येकाच्या वहीत तीन रकाने होते: उर्दू नाव, मराठी नाव आणि 'मी काय पाहिले'. पक्षी चिमणीएवढा आहे, मैनेएवढा की कावळ्याएवढा. चोच कशी, पाय कसे, शेपटी कशी. तो कुठे बसतो आणि काय करतो, हे सारे तिसऱ्या रकान्यात लिहायचे होते.

माळावर एक वृद्ध धनगर मेंढरे चारत होते. तेवढ्यात तोच ओळखीचा आवाज आला. लांब पिवळ्या पायांचा, काळ्या मानेचा पक्षी ओरडत आमच्या डोक्यावरून गेला. मी विचारले, "बाबा, हा कोणता पक्षी?"

"टिटवी की! आवं मास्तर, टिटवी ठावं न्हाई व्हय?" म्हातारबाबा मोठ्याने हसले. मुले हसली, आणि मलाही हसू आले. टिटवी हा शब्द मी पुस्तकांत कितीतरी वेळा वाचला होता. हा पक्षीही लहानपणापासून पाहिला होता. पण त्या दोघांची गाठ आजवर पडलीच नव्हती!

"ती आपलं नाव आपनच सांगती. ऐका," बाबा म्हणाले. आम्ही कान देऊन ऐकले. खरेच, 'टिटिव-टिव, टिटिव-टिव' असाच तो आवाज होता. बाबांनी सांगितले, "उन्हाळ्यात उघड्या माळावर खड्यांत अंडी घालती. अंडी बी खड्यावानीच दिसत्यात. ती वरडाय लागली, की म्या मेंढरं बाजूनं नेतो."

एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, हे शाळेत गेले नाहीत, तरी यांना सगळे माहीत आहे!" मी त्याला मारुती चितमपल्ली यांच्याविषयी सांगितले. त्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापुरात झाला. ते वनाधिकारी होते. पण जंगलात राहणाऱ्या माणसांजवळ बसून ते पक्ष्यांची नावे आणि सवयी विचारत. त्यातूनच पुढे त्यांनी 'पक्षिकोश' सिद्ध केला. पक्षी सप्ताह सुरू होतो तो त्यांच्या जन्मदिवशी आणि संपतो तो सलीम अलींच्या.

मग काय, प्रश्नांचा पाऊसच पडला. तारेवर बसलेला, दुभंगलेल्या शेपटीचा काळा पक्षी म्हणजे कोतवाल. तो घारीलाही पिटाळून लावतो, म्हणून हे नाव. पाण्याकाठी शेपटी वरखाली हलवणारा धोबी. वडाच्या झाडात 'टुक टुक' असा हातोडीसारखा आवाज काढणारा तांबट. पानांच्या कडा धाग्याने शिवून घरटे करणारा शिंपी. "उर्दूत आपण यालाच दर्जी म्हणतो," एक मुलगा आनंदाने ओरडला. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकत होते. सुगरण म्हणजे उत्तम स्वयंपाक करणारी स्त्री; पण हा खोपा विणतो नर! मादी खोपा पाहते आणि पसंत पडला तरच तिथे राहते. सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे या पक्ष्यांचे दिवसेंदिवस निरीक्षण केले होते. मैना आणि बुलबुल यांच्यासाठी मात्र आम्हांला नवे शब्द शिकावे लागले नाहीत. ते दोन्ही भाषांत तेच आहेत.

परत निघणार, इतक्यात डोक्यावर तुरा असलेला एक पक्षी समोर उतरला. पंखांवर काळे-पांढरे पट्टे होते. बाबा म्हणाले, "ह्यो सुतार."

"नाही आजोबा." इतका वेळ गप्प असलेली ती मुलगी पुढे आली. "सुतार झाडावर चोच मारतो. हा जमिनीत चोच खुपसून किडे काढतो. हा हुदहुद आहे. हजरत सुलेमान अलैहिस्सलाम यांना दूरच्या राणीची बातमी यानेच आणून दिली. कुरआनात त्याचा उल्लेख आहे."

"हुद-हुद," बाबांनी शब्द घोळवून पाहिला. "ग्वाड नाव हाय, पोरी."

मी मुलांना सांगितले, की मराठीतही त्याला हुदहुद म्हणतात. इंग्रजीत तो हूपू, लॅटिनमध्ये उपुपा आणि दूर स्पेन देशात आबुबीया. तो 'उप-उप-उप' असे ओरडतो आणि टिटवीप्रमाणे त्यानेही आपले नाव आपणच सर्वांना सांगितले. ज्याने त्याने ते आपापल्या कानाने ऐकले, एवढेच.

सोमवारी मी वह्या तपासल्या. त्या मुलीच्या वहीत पहिल्या ओळीवर टटीरी, त्यासमोर टिटवी आणि तिसऱ्या रकान्यात लिहिले होते: 'पाय पिवळे. अंडी खड्यांत. सरांनाही नाव माहीत नव्हते. सरांनी विचारले.'

मी खाली सही केली. तासाला सर्वांत आधी तिचाच हात वर होता.